रिमोटांचा जुडगा

पूर्वी एखाद्या घरात सत्ता कोणाची, हे ओळखायला फार वेळ लागत नसे. जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तिचे घर. तो जुडगा ज्या दिवशी सुनेच्या कमरेला जाई, त्या दिवशी घरात न बोलता सत्तांतर होई. आता किल्ल्या कपाटालाच लटकलेल्या असतात आणि त्यांचा मान रिमोटकडे गेला आहे. संध्याकाळी साडेसातला रिमोट ज्याच्या हाती, घर त्याचे. बाकीचे सगळे पाहुणे. फरक इतकाच, की जुडग्याला एक कडी होती. किल्ल्या दहा असोत की वीस, त्या एका कडीत राहत आणि एका हातात मावत. रिमोटांना अशी कडी नाही. आमच्या घरात ती कडी शोधण्यात दिवाळीची अख्खी सुट्टी गेली, त्याची ही हकिकत.

आमच्या दिवाणखान्यात रिमोट चार. पहिला टीव्हीचा; दुकानातून आला त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत तो अजून आहे, कारण पिशवी काढली तर तो खराब होईल अशी बाबांची श्रद्धा आहे. दुसरा सेट-टॉप बॉक्सचा. याच्या सेलचे झाकण हरवले असून तेथे रबरबँड आहे. तिसरा साऊंडबारचा, काडेपेटीएवढा, म्हणून कायम सोफ्याच्या फटीत. चौथा त्या इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या स्टिकचा, जिला आमची आजी ‘काडी’ म्हणते. चौघांचे मालक एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसलेले. पण बोलणे नाही, चालणे नाही. एखाद्या वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत आणि चौघांच्या चुली वेगळ्या असाव्यात, तसे.

साऊंडबार आला तो आजीसाठी. आजी एकोणऐंशी वर्षांची आहे. तिला ऐकू येते, पण शब्द सुटे होऊन येत नाहीत. हल्लीचे टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीसारखे पातळ झाले, त्यामुळे त्यांच्यातले भोंगे लहान झाले आणि त्यांची तोंडे खाली नाहीतर मागे वळली. आवाज आधी भिंतीला सांगून मग आपल्याकडे येतो. तरुण कानांना ते चालते. आजीला सगळी गोळाबेरीज ऐकू येते. पुण्याच्या काकांनी दिवाळीच्या आधी साऊंडबार पाठवला आणि आजीला कित्येक महिन्यांनी क्रिकेटचे समालोचन शब्द न् शब्द कळले.

हो, क्रिकेटचे. आमची आजी मालिका पाहत नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, ती तिने रेडिओला कान लावून ऐकलेली आहे. तेव्हापासून कसोटी सामना म्हटला की पाचही दिवस तिचे. एकदिवसीय आणि वीस षटकांच्या सामन्यांना ती ‘घाईचं जेवण’ म्हणते.

परंतु साऊंडबार आला आणि आजीची अडचण सुटण्याऐवजी वाढली. टीव्ही एका रिमोटने लावायचा, बॉक्स दुसऱ्याने, आवाज तिसऱ्याने. आवाज वाढवायला टीव्हीचा रिमोट दाबला तर पडद्यावर आकडे वाढतात, आवाज तेवढाच. एखादी कळ भलती दाबली गेली तर पडदा निळा होऊन ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते, आणि ती पाटी इंग्रजीत. आई शाळेत, बाबा कचेरीत, मी आणि दादा कॉलेजात. दुपारी बारापासून चारपर्यंत आजी घरात एकटी. निळा पडदा आला की तो चारपर्यंत निळाच.

मग हळूहळू तिने टीव्ही लावणेच सोडले. कोणी विचारले तर म्हणायची, “कंटाळा आलाय मला त्याचा.” आम्ही ते खरे मानले. एके दिवशी कसोटी सामना चालू असताना मी कॉलेजातून आले. आजी टीव्हीसमोर नेहमीच्या खुर्चीत बसली होती. पडदा काळा. चार रिमोट टीपॉयवर ओळीने मांडून ठेवलेले. मला पाहताच तिने विचारले, “स्कोअर काय झाला गं?”

हातभर अंतरावर टीव्ही असताना तिला स्कोअर मला विचारावा लागला. ज्या बाईने वीस माणसांच्या कुटुंबाच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या, ती चार रिमोटांपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कंटाळा टीव्हीचा नव्हता. दर वेळी आम्हाला हाक मारण्याचा होता.

घरात यावर तीन मते पडली. बाबांनी रिमोटांवर एक, दोन, तीन असे आकडे चिकटवले आणि भिंतीवर सूचनांचा कागद लावला. आजीने तो चष्मा लावून वाचला व म्हणाली, “हे म्हणजे मला परीक्षेला बसवल्यासारखं झालं.” आईचे म्हणणे, साऊंडबार काढून टाका. म्हणजे रिमोट एक कमी आणि शब्दही कमी. तिसरे मत माझ्या मामेभावाचे. तो अभियांत्रिकीला आहे, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यंत्रातले काही कळत नाही यावर त्याचा गाढ विश्वास आहे. त्याने बाजारातून सर्व यंत्रांना चालणारा एक रिमोट आणला. एक कळ दाबली की तो टीव्हीला आणि साऊंडबारला पाठोपाठ हुकूम सोडी.

पहिले दोन दिवस घरात जयजयकार झाला. तिसऱ्या दिवशी कळ दाबतेवेळी आई चहाचा ट्रे घेऊन मधून गेली. टीव्हीने हुकूम ऐकला, साऊंडबारने ऐकला नाही. पुन्हा कळ दाबली. टीव्ही झोपला, साऊंडबार उठला. तिसऱ्यांदा दाबली, टीव्ही उठला, साऊंडबार झोपला. बहुतेक रिमोटांत ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ असे दोन वेगळे हुकूम नसतातच. हुकूम एकच: ‘आहेस त्याच्या उलट हो.’ एकदा पाऊल चुकले की ही जोडी कवायतीतल्या दोन बेशिस्त मुलांसारखी कायम उलटसुलटच चालते. शिवाय रिमोट नुसता बोलतो. समोरच्याने ऐकले की नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

येथे मला या विषयाची गोडी लागली. रिमोट म्हणजे मुळात आळसाची चीज, आणि अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने ते लपवलेही नव्हते. १९५० साली तिने काढलेल्या पहिल्या रिमोटचे नावच ‘लेझी बोन्स’. त्याला लांबलचक तार होती आणि लोक तिला अडखळत. १९५५ साली याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ केला. पण टीव्हीवर ऊन पडले तरी त्याला तो हुकूमच वाटे. १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी आपटून माणसाला ऐकू न येणारा नाद काढणारा रिमोट आणला. त्याला सेलही लागत नसे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा घरातले धाकटे मूल हाच रिमोट होता. “ऊठ, आवाज कमी कर” म्हटले की तो चाले. आणि तो सर्व कंपन्यांच्या संचांना चालत असे.

आजचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी बोलतो. त्याच्या तोंडाशी एक बारीक दिवा असतो. फोनचा पुढचा कॅमेरा त्याच्यावर धरून कळ दाबली, तर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. रिमोट बिघडला की सेल संपले, हे पाहण्याची ही फुकटातली परीक्षा. हा दिवा सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा थरथरतो, आणि त्या थरथरीच्या लांब-आखूड तुकड्यांतून हुकूम तयार होतो. गंमत अशी, की ‘आवाज वाढव’ या हुकुमासाठी कोणते तुकडे हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी सोस्यूर शिकवला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९१६ साली त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, झाडाला ‘झाड’च म्हणावे असे झाडात काही नसते, असे तो सांगतो. परीक्षेपुरते पाठ केलेले ते वाक्य मला प्रथम कळले ते आमच्या टीपॉयवर. चार कंपन्या, चार भाषा, आणि आवाज वाढवणे ही क्रिया मात्र एकच.

मग या यंत्रांना एक प्रमाणभाषा का देत नाहीत? मी टीव्हीबरोबर आलेली पुस्तिका काढून बसले. तेव्हा कळले, की अशी भाषा आहे आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. टीव्हीला मागून जी चपटी केबल लागते, ती एचडीएमआयची. ती २००२ च्या डिसेंबरात जगापुढे आली. तिच्या तोंडात १९ पिना असतात. बहुतेक पिना चित्र आणि आवाज वाहण्यात गुंतलेल्या. पण तेरावी पीन यंत्रांनी आपसांत बोलावे म्हणून राखून ठेवलेली आहे. त्या बोलण्याला सीईसी म्हणतात.

त्या एका तारेवर सगळ्यांनी मिळून बोलायचे, म्हणून तिथे पाळायचे शिष्टाचार मोठे मजेदार आहेत. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. टीव्हीचा शून्य. आवाजाच्या यंत्राचा पाच. चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रांसाठी चार, आठ आणि अकरा. नवे यंत्र आले की ते आधी त्या क्रमांकाला हाक मारते: कोणी आहे का? उत्तर आले नाही तर ते स्वतःच तो क्रमांक घेते. उत्तर आले तर पुढच्या क्रमांकाकडे वळते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच सभ्य आहे. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर ज्याचा क्रमांक लहान तो बोलतो, दुसरा थांबतो. म्हणजे टीव्ही बोलू लागला की बाकीचे गप्प. हा नियम करणाऱ्याने आपल्याकडची घरे पाहिलेली असावीत.

अवरक्त रिमोटाहून याचा मोठा फरक असा, की येथे ऐकणारा पोच देतो. शिवाय ‘झोपा’ हा निरोप म्हणजे ‘झोपा’च, ‘आहात त्याच्या उलट व्हा’ नव्हे. टीव्ही झोपताना तो सर्वांना सांगून झोपतो. म्हणजे मामेभावाच्या रिमोटची कवायत येथे होणे नाही.

इतके चांगले असून ते आमच्या घरी का चालत नव्हते? कारणे तीन निघाली. पहिले असे, की टीव्हीत ही सोय बंद ठेवलेली होती. दुसरे, तिला प्रत्येक कंपनीने आपलेच नाव दिले आहे. सोनी तिला ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिम्पलिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक. एकाच गंगेला प्रत्येक घाटावर वेगळे नाव. पुस्तिकेत ‘सीईसी’ शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. तिसरे कारण तारेत होते. दुकानाच्या माणसाने साऊंडबार ऑप्टिकल तारेने जोडून दिला होता. त्या तारेतून आवाज जातो. निरोप जात नाही. टीव्ही आणि साऊंडबार शेजारी असून अबोला का होता, याचा उलगडा झाला.

ऑप्टिकल तार काढून मी तेथे एचडीएमआयची केबल लावली. टीव्हीमागच्या तीन तोंडांपैकी एकावर ‘एआरसी’ अशी बारीक अक्षरे असतात, त्याच तोंडात. टीव्हीतून आवाज उलट दिशेने साऊंडबारकडे नेण्याची ही सोय २००९ पासूनची. मग टीव्हीच्या मांडणीत जाऊन ते कंपनीचे नाव शोधले, ‘चालू’ केले आणि आवाज बाहेरच्या यंत्राला दिला. टीव्ही बंद करून पुन्हा लावला. साऊंडबारचा दिवा आपोआप लागला. टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला, साऊंडबारचा वाढला. टीव्ही बंद केला, साऊंडबारही निमूट झोपला. आणखी एक बक्षीस मिळाले: काडीसुद्धा टीव्हीच्या रिमोटचे ऐकू लागली. एका केबलीने दोन रिमोट रजेवर गेले.

राहिला सेट-टॉप बॉक्स. त्याला ही भाषा येत नव्हती. तेरावी पीन प्रत्येकाजवळ असते, पण तिच्यावर बोलायचे की नाही हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. आजीला तर तोच हवा. तिचे क्रिकेट तेथे. तेव्हा त्याला प्रमाणभाषा शिकवण्याऐवजी त्याच्या रिमोटला टीव्हीची बोली शिकवायची ठरवली. आपल्याकडच्या पुष्कळ सेट-टॉप बॉक्सांच्या रिमोटवर दोनतीन कळा शिकाऊ असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ठरलेल्या कळा दाबून धरल्या की दिवा लागतो. मग दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून, मध्ये चार बोटे जागा ठेवून मांडायचे. इकडे टीव्हीच्या रिमोटची आवाजाची कळ दाबायची, तिकडे शिकाऊ कळ दाबायची. दिवा लुकलुकला की पाठ झाले. त्या बिचाऱ्याला अर्थ कळत नाही. तो फक्त थरथर जशीच्या तशी घोकतो आणि हवी तेव्हा ओकतो. ही अध्ययनपद्धती आपल्या परिचयाची असल्यामुळे मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

आता आजीच्या हाती एकच रिमोट आला, तो रबरबँडवाला. (रबरबँड अजून आहे.) ती आवाजाची कळ दाबते तेव्हा पाठांतरी रिमोट टीव्हीला अवरक्त किरणांनी सांगतो, टीव्ही ते तेराव्या पिनेवरून साऊंडबारला सांगतो आणि आवाज वाढतो. निरोप दोन भाषांतून जातो. आजीला त्याचे काही देणेघेणे नाही. तिला गोलंदाजाचे नाव स्पष्ट ऐकू येते. बॉक्स मात्र कायम चालू ठेवावा लागतो. त्याची बंद करण्याची कळ आम्ही चिकटपट्टीने झाकली आहे. विजेच्या बिलाचा विचार करून या गोष्टीला संमती द्यायला बाबांना दोन दिवस लागले.

सगळे सुरळीत झाले असे वाटते न वाटते तोच एका रात्री अडीच वाजता टीव्ही आपोआप लागला. वीज जाऊन आली होती. काडी जागी झाली आणि जागे होताच ‘मी आले आहे’ असे तिने सर्वांना कळवले. तेवढ्याने टीव्ही उठला, टीव्हीने साऊंडबार उठवला आणि साऊंडबारने आम्हा पाचही जणांना. एकमेकांचे ऐकू लागलेली यंत्रे नको तेव्हाही ऐकतात. टीव्हीत याची वेगळी खूण असते. ‘दुसऱ्याने उठवले तर उठायचे’ एवढेच बंद केले. ‘मी झोपलो की सर्वांनी झोपायचे’ हे तसेच ठेवले.

शेवटची अडचण मात्र कोणत्याच तारेने सुटली नाही. रात्री दादा काडीवर चित्रपट पाहतो आणि तसाच टीव्ही बंद करून झोपतो. टीव्ही बंद होताना जेथे असतो तेथेच दुसऱ्या दिवशी उघडतो. म्हणजे दुपारी आजीने लावला की क्रिकेटऐवजी चित्रपटांची भित्तिपत्रके. बॉक्सवर परत कसे यायचे हे मी तिला दाखवले; तिला ते जमलेही. पण निळ्या पडद्याची धास्ती तिच्या मनात इतकी बसली होती, की अशा वेळी ती रिमोट खाली ठेवून देई. यंत्रांनी आपल्याकडून हात टेकले होते. उरलेले वीतभर अंतर आम्हालाच चालायचे होते. म्हणून घरात एक नियम झाला: रात्री शेवटी जो उठेल त्याने टीव्ही आजीच्या बॉक्सवर आणावा आणि मग बंद करावा. दोनतीनदा दादा विसरला. मग एका संध्याकाळी आजीने त्याला सहज विचारले, “काल कुठला सिनेमा पाहिलास रे? मला दुपारभर त्याचं चित्र दिसत होतं.” त्यानंतर तो विसरला नाही.

प्रमाणभाषा असणे, ती येणे आणि ती बोलण्याची इच्छा असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तेरावी पीन इतकी वर्षे आमच्या टेबलामागे धूळ खात होती. तिच्यावर कोणी बोलत नव्हते, म्हणून आजीला हाक मारावी लागत होती. आता तिला हाक मारावी लागत नाही. उलट कसोटीच्या दिवसांत संध्याकाळी साडेसातलाही रिमोट तिच्याच मांडीवर असतो आणि बातम्या पाहायच्या असल्या तर बाबांना तिची परवानगी काढावी लागते. उरलेले तीन रिमोट मी सेल काढून खणात ठेवले आहेत, एक अजून त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि बाबा रात्री गॅसचा कॉक बंद आहे ना हे पाहायला उठतात, तेव्हा जाता जाता दिवाणखान्यात डोकावून टीव्ही एकदा लावतात, आजीचा बॉक्स दिसला की बंद करतात आणि मग झोपायला जातात.